आयसिरीजला जोडलेला विंडोज सर्व्हर जागा बदलल्यावर दिसेनासा झाला: केबलवर खापर फोडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्यात आयबीएमचं आयसिरीज ५२० (मुख्य सर्व्हर) आहे. त्याच्या एचएसएल लूपवर (हाय-स्पीड लिंक, म्हणजे या पेट्या जोडणाऱ्या केबलींचं कडं) एक आयओ टॉवर (जादा डिस्क आणि कार्डांची पेटी) आणि एक एक्ससिरीज सर्व्हर (आयबीएमचाच, पीसीच्या धर्तीचा) आहे. सर्व्हरमध्ये त्याला आयसिरीजशी जोडणारं आयएक्सए कार्ड आहे, म्हणजे विंडोज या सर्व्हरवर चालतं पण त्याच्या डिस्क आयसिरीजमध्ये आहेत. सर्व्हर रूम तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर हलवली. सगळ्या केबली परत लावल्या, आयसिरीज नीट आयपीएल (म्हणजे बूट) झाला, टॉवर दिसतो, टॉवरमधल्या डिस्क दिसतात. विंडोज सर्व्हर मात्र व्हॅरी ऑन केला (म्हणजे आयसिरीजवरून चालू केला) की लगेच फेल होतो. देखभाल करणारी मंडळी म्हणतात, "शिफ्टिंगमध्ये केबल गेली, नवी घ्या." या केबली आता सहज मिळत नाहीत आणि मिळाल्या तर स्वस्त नाहीत. प्रश्नकर्त्यांचं म्हणणं: टॉवर चालतो म्हणजे एचएसएल ठीक असणार, मग एकच केबल खराब कशी?

शंका रास्त आहे, पण त्यातला तर्क उलट्या बाजूने लावायला हवा. टॉवर चालतो यावरून लूप ठीक आहे हे सिद्ध होत नाही. आणि सर्व्हर दिसत नाही यावरून एक केबल खराब आहे हेही सिद्ध होत नाही. उलट, लूप नीट जोडलेला असेल तर एका केबलच्या दोषाने सर्व्हर नाहीसा होऊच नये. म्हणून मी पैसे खर्च करायच्या आधी दुसरीकडे बघेन.

कारण समजायला लूपची रचना डोळ्यासमोर आणा. ५२० च्या मागे एचएसएलची दोन पोर्टं आहेत. पहिल्या पोर्टातून केबल टॉवरला जाते, टॉवरच्या दुसऱ्या पोर्टातून पुढची केबल सर्व्हरच्या आयएक्सए कार्डाला, आणि कार्डाच्या दुसऱ्या पोर्टातून तिसरी केबल परत ५२० च्या दुसऱ्या पोर्टात. तीन केबली, एक बंद कडं. या कड्यात प्रत्येक उपकरणाकडे जायला दोन वाटा आहेत, डावीकडून आणि उजवीकडून. एक केबल तुटली तर कडं उघडतं, पण प्रत्येकाकडे एक वाट शिल्लक राहते. सिस्टम तक्रार नोंदवते, कामकाज चालू राहतं. रिंग रोड एका ठिकाणी बंद झाला तरी गावात उलट्या बाजूने पोचता येतं, तसंच.

आता तुमची लक्षणं या चित्रावर ठेवा. टॉवर दिसतो, म्हणजे ५२० ते टॉवर ही पहिली लिंक जिवंत आहे. सर्व्हर अजिबात दिसत नसेल, तर टॉवर ते सर्व्हर ही लिंक आणि सर्व्हर ते ५२० ही लिंक, दोन्ही बंद असायला हव्यात. दोन वेगवेगळ्या केबली एकाच दिवशी एकदम खराब होणं अशक्य नाही, पण त्या दोन्ही लिंकमध्ये सामाईक गोष्ट एकच आहे: सर्व्हरमधलं ते कार्ड. म्हणून संशय आधी कार्डावर, कार्डाच्या विजेवर, कार्डाच्या स्लॉटवर. केबलचा नंबर नंतर.

याला एक पर्यायही आहे आणि तो विसरू नये. कदाचित दोन्ही लिंक उत्तम चालू असतील आणि सिस्टमला कार्ड दिसतही असेल, पण वेगळ्या नावाने. आणि एनडब्ल्यूएसडी (नेटवर्क सर्व्हर डिस्क्रिप्शन, आयसिरीजवरची या सर्व्हरची नोंद) अजून जुन्या नावाकडे बोट दाखवत असेल. तेव्हाही व्हॅरी ऑन लगेच फेल होतो, आणि केबलीचा काडीचाही संबंध नसतो.

काय कशावर अवलंबून आहे तेही सांगतो, नाहीतर वाचणारा दुसरा कोणी हे आपल्या यंत्रावर जसंच्या तसं करायला जाईल. यंत्रावर एकच पार्टिशन (यंत्राचा स्वतंत्र चालणारा भाग) आहे की एचएमसीवरून (हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोल) एकाहून जास्त पार्टिशन केलेली आहेत, हे पहिलं. टॉवरमध्ये डिस्क आहेत की नुसते टेप-लॅनचे कार्ड आहेत, हे दुसरं. आणि धोक्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. तिसरं, कार्ड जुन्या एचएसएलचं आहे की एचएसएल-२ चं. दोन्हींचे कनेक्टर वेगळे असतात आणि एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा अशा केबलीही मिळतात. तुमच्या ५२० वर एचएसएल-२ आहे. जुना टॉवर मध्ये असेल तर मिश्र केबली असण्याची शक्यता आहे. प्रश्नात हे लिहिलेलं नाही, म्हणून मी दोन्ही धरून चालतो.

आधी एक बंधन घाला: कोणी कुठलीही केबल हलवायची नाही. हे कठोर वाटेल, पण कारण साधं आहे. तुमचा लूप आत्ता बहुधा उघडाच आहे. टॉवर एका वाटेवर चालू आहे आणि ती वाट म्हणजे ५२० च्या पहिल्या पोर्टातली केबल. "ही जरा काढून त्या बाजूला लावून बघू" म्हणून कोणी तीच ओढली, तर टॉवरमधल्या डिस्क चालू सिस्टमच्या हातातून सुटतात. पॅनेलवर ए६ ने सुरू होणारा कोड येतो, सगळे वापरकर्ते अडकतात, आणि मग दुपारभर विंडोज सर्व्हरचा विषय कोणी काढत नाही. उघड्या लूपमध्ये दुसरा सांधा उघडायचा नाही, हा नियम सर्वांना सांगून ठेवा. रॅकच्या मागचे फोटो काढा, प्रत्येक टोकाला कागदी लेबल लावा: कुठल्या पेटीचं कुठलं पोर्ट. शिफ्टिंगवाल्यांनी जुनी लेबलं ठेवली असतील तर ती पुन्हा तपासा, त्यांच्यावर विसंबू नका.

मग एनडब्ल्यूएसडी व्हॅरी ऑफ आहे ना, ते बघा. "वर्क विथ कॉन्फिगरेशन स्टेटस" कमांड देऊन प्रकार म्हणून एनडब्ल्यूएस द्या. "फेल्ड" दिसत असेल तर व्हॅरी ऑफ करा. सर्व्हरचं पॉवर बटण दाबून बघण्याचा मोह अनेकांना होतो. आयएक्सए लावलेल्या सर्व्हरची वीज आयसिरीजच्या हातात असते. व्हॅरी ऑन केलं की तो चालू होतो, व्हॅरी ऑफ केलं की बंद. बटण दाबून फक्त लॉगमध्ये कचरा वाढतो.

आता लूपलाच विचारायचं. "स्टार्ट सिस्टम सर्व्हिस टूल्स" ही कमांड द्या. त्यासाठी सर्व्हिस टूल्सचा युजर आणि पासवर्ड लागतो, जो नेहमीच्या क्यूसेकऑफर या मुख्य युजरपेक्षा वेगळा असतो. बऱ्याच ठिकाणी तो कोणालाच आठवत नाही. तो आधी शोधा. आत गेल्यावर "स्टार्ट अ सर्व्हिस टूल", मग "हार्डवेअर सर्व्हिस मॅनेजर", मग "लॉजिकल हार्डवेअर रिसोर्सेस", आणि तिथे "हाय-स्पीड लिंक रिसोर्सेस". इथे लूपची यादी येते. रिपोर्ट न करणारी उपकरणंही दाखवायला सांगा, नाहीतर हरवलेला सर्व्हर यादीतच येणार नाही आणि तुम्हाला वाटेल तो कधी नव्हताच.

लूपचा तपशील उघडला की सिस्टम स्वतःपासून सुरुवात करते. प्रत्येक उपकरणाला एक लीडिंग पोर्ट आणि एक ट्रेलिंग पोर्ट असतं, आणि प्रत्येकाची लिंक चालू आहे की फेल, हे लिहिलेलं असतं. एकेक पाऊल पुढे जात कडं वाचायचं. सिस्टमचं लीडिंग पोर्ट: चालू. टॉवरची अलीकडची बाजू: चालू. टॉवरची पलीकडची बाजू: इथे बहुधा फेल दिसेल. परत सिस्टमवर येऊन ट्रेलिंग पोर्ट बघा: तिथेही फेल असेल तर माझा वरचा तर्क बसला. दोन्ही बाजूंनी लिंक सर्व्हरच्या दारापर्यंत येऊन थांबते.

हे एका कागदावर हाताने काढा. तीन पेट्या, तीन रेघा, प्रत्येक रेघेवर बरोबर किंवा फुली. हा कागद नंतर देखभालवाल्यांशी बोलताना कामाला येतो. "केबल खराब आहे" असं म्हणणाऱ्याला "कुठली?" एवढंच विचारायचं आणि कागद पुढे करायचा.

वाचताना तीनपैकी एक चित्र दिसेल. वर सांगितलं तसं दोन्ही बाजू फेल: कार्डाकडे चला. एकच बाजू फेल आणि सर्व्हरचं कार्ड यादीत रिपोर्ट करतंय: मग एका केबलीत किंवा तिच्या टोकात खरोखर दोष आहे, पण व्हॅरी ऑन फेल होण्याचं कारण ते नाही, दोन वेगळे दोष आहेत आणि ते वेगळेच सोडवावे लागतील. आणि तिसरं, सगळं चालू, लूप पूर्ण: मग केबलीला हातच लावू नका, रिसोर्सच्या नावाकडे जा.

प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हिटी लॉगही तिथेच, सर्व्हिस टूल्समध्ये आहे. तो बघताना शिफ्टिंगच्या दिवसापासूनची वेळ द्या. बी६०० किंवा बी७०० आणि पुढे ६९८२, ६९८४, ६९८५ असे कोड दिसले तर ते एचएसएल लूपचेच आहेत. ६९८५ च्या ओळी पुष्कळ दिसतील. त्याने घाबरू नका. लूपवरचं एखादं उपकरण बंद-चालू झालं तरी लिंकच्या स्थितीची नोंद म्हणून तो कोड पडतो. शिफ्टिंगच्या दिवशी सगळंच बंद-चालू झालेलं, त्यामुळे त्या दिवसाच्या ओळींना फारसा अर्थ नाही. मी बघतो ते हे, की त्यानंतर यंत्र शांत असताना, कोणी काही हलवत नसताना, नव्या ओळी पडतात का. पडत असतील तर एखादी लिंक जुळते आणि सुटते आहे, म्हणजे सैल टोक किंवा आजारी केबल. लिंक फेल असून एकही नवी ओळ नसेल तर पलीकडे बहुधा विजेविना मेलेलं काहीतरी आहे. मरणारी वस्तू बडबड करते, मेलेली गप्प असते.

आता सर्व्हरच्या मागे जा. आधी वीज. आयएक्सए कार्ड सर्व्हरमध्ये बसतं, त्याला वीज सर्व्हरकडूनच मिळते. सर्व्हर बंद दिसत असला तरी मेन लाइन लागलेली असली पाहिजे, तरच कार्ड स्टँडबायवर जागं राहतं. दोन्ही पॉवर सप्लायचे एसीचे दिवे बघा, समोरचा पॉवरचा दिवा लुकलुकतोय का बघा. वरच्या मजल्यावर नवी पीडीयू (रॅकमधली वीज वाटणारी पट्टी) लावली असेल तर तिचा ब्रेकर, तिचं आउटलेट. हे सांगताना मलाही संकोच वाटतो, पण मी गेलो त्या ठिकाणी "कार्ड मेलं" म्हणून मागवलेल्या कामांत नुसता पीडीयूचा ब्रेकर खाली असल्याचं अनेकदा निघालं आहे. आणि सर्व्हरला मेन वीज नसेल तर त्या जागी लूपही उघडतो, म्हणजे आयसिरीजवर नेमकं तुमचंच चित्र दिसतं.

वीज ठीक असेल तर कार्डाची बैठक. ही तांब्याची एचएसएल केबल तुम्ही हातात घेतली असेलच: बोटाएवढी जाड, ताठ, मनाविरुद्ध वळवली की परत उसळणारी. शिफ्टिंगच्या वेळी पुष्कळ जण सर्व्हर रॅकमधून काढताना केबल एका टोकाला लावलेलीच ठेवतात आणि दुसरं टोक गुंडाळून सर्व्हरवर ठेवतात. जिन्यावरून वर नेताना ती गुंडाळी हेलकावे खाते आणि सगळा भार कार्डाच्या मागच्या पट्टीवर येतो. पट्टीचा स्क्रू जरा सैल असेल तर कार्ड स्लॉटमधून एका कोपऱ्यात उचललं जातं. बाहेरून काही दिसत नाही. कव्हर उघडून टॉर्च मारली आणि स्लॉटच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची एक बारीक रेघ एका बाजूला जास्त दिसली, की समजायचं. दोन्ही बाजूंना ती सारखी हवी.

हे तपासायला सर्व्हरची मेन वीज पूर्ण काढावी लागते, म्हणून आधी वरचा कागद नीट वाचा. तुमच्या बाबतीत टॉवरची वाट ५२० कडून आहे आणि लूप सर्व्हरच्या जागी आधीच उघडा आहे, त्यामुळे सर्व्हर काढल्याने टॉवरला धक्का लागत नाही. पण कोणाच्या लूपमध्ये सर्व्हर मध्ये आणि टॉवर दोन्ही बाजूंना असतील आणि आणखी एक लिंक फेल असेल, तर सर्व्हरची वीज काढताच पलीकडचा टॉवर जाईल. शंका असेल तर कामाचे तास संपल्यावर, बॅकअप झाल्यावर करा.

कार्ड काढून परत बसवताना स्लॉट तोच ठेवा. आयएक्सएसाठी प्रत्येक सर्व्हर मॉडेलवर स्लॉट ठरलेला असतो. "मोकळा दिसला म्हणून" दुसरीकडे बसवायचं नाही. अँटी-स्टॅटिक पट्टा लावा. आणखी एक बारीक गोष्ट: कार्डापासून सर्व्हरच्या सर्व्हिस प्रोसेसरपर्यंत (सर्व्हरची वीज सांभाळणारी चिप) आरएस-४८५ ची एक छोटी केबल जाते. सर्व्हरची वीज चालू-बंद करण्याचा निरोप तिच्यावरून जातो. काही मॉडेलांवर ती मागे बाहेर दिसते, काहींवर पेटीच्या आत असते. शिफ्टिंगमध्ये ती टेलिफोनची किंवा लॅनची वायर समजून बाजूला ठेवली जाते. ती नसेल तर लूपवर कार्ड दिसू शकतं, पण व्हॅरी ऑनला सर्व्हर जागा होत नाही.

आता केबलची टोकं, फक्त सर्व्हरकडच्या दोन केबलींची, टॉवरच्या वाटेची नाही. धूळ फुंकायला तोंडाने फुंकर मारू नका, ओलावा जातो. मुंबई-कोकणच्या हवेत तर आधीच भरपूर असतो. कनेक्टरच्या आतल्या पट्ट्या टॉर्चने बघा, एखादी दबलेली किंवा वाकलेली असेल तर ते टोक जबरदस्तीने बसवल्याचं लक्षण. कनेक्टर सरळ आत जाऊ द्या, मग दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलं की कनेक्टर तिरका बसतो आणि स्क्रू मात्र घट्ट लागल्यासारखा वाटतो. हे काम एका दमात करा. अर्धवट घुसलेला कनेक्टर तसाच ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. दोन्ही टोकं आपसात जुळवणी सुरू करतात आणि अर्धवट संपर्कावर ती फसते. तसं झालं तर टोक पूर्ण काढा, जरा थांबा, आणि नव्याने लावा.

इथपर्यंत केल्यावर पुन्हा हार्डवेअर सर्व्हिस मॅनेजरमध्ये तोच लूप वाचा. माझ्या अंदाजाने तुमचं काम इथेच होईल. क्रम एवढ्यासाठी सांगितला की वीज, बैठक, छोटी केबल, टोकं, यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही.

लूप पूर्ण झाला आणि तरी व्हॅरी ऑन फेल होतो, तर नावाचा मामला. "वर्क विथ हार्डवेअर रिसोर्सेस" कमांड, प्रकार कम्युनिकेशन. यादीत आयएक्सएच्या खाली लिन आणि पुढे आकडा अशी नावं असतात, लिन०३, लिन०५ वगैरे. आता "डिस्प्ले नेटवर्क सर्व्हर डिस्क्रिप्शन" करून तुमच्या सर्व्हरच्या एनडब्ल्यूएसडीत रिसोर्सचं नाव कोणतं आहे ते बघा. दोन्ही जुळतात का? केबली वेगळ्या क्रमाने लागल्या, कार्ड बदललं किंवा स्लॉट बदलला, की सिस्टम काही वेळा त्याला नवं उपकरण समजून नवं नाव देते. मग लिन०३ "नॉट डिटेक्टेड" म्हणून उरतो आणि लिन०५ चालू असतो. एनडब्ल्यूएसडी व्हॅरी ऑफ असताना "चेंज नेटवर्क सर्व्हर डिस्क्रिप्शन" ने नाव बदला आणि व्हॅरी ऑन करा. हे कोणी सांगितलं नाही तर माणूस केबली बदलत बसतो, कारण लक्षण अगदी केबलसारखं असतं: कालपर्यंत चालत होतं, हलवल्यावर बंद.

एचएमसीवर पार्टिशनं असतील तर आणखी एक खिडकी उघडा. आयएक्सए ज्या पार्टिशनच्या प्रोफाइलमध्ये आहे त्याच पार्टिशनला ते दिसणार. शिफ्टिंगनंतर कोणी जुन्या प्रोफाइलने पार्टिशन सुरू केलं असेल, तर लूप पूर्ण, कार्ड जिवंत, आणि तरीही तुमच्या पार्टिशनला सर्व्हरचा पत्ता नाही. एचएमसीवरच्या मॅनेज्ड सिस्टमच्या आयओ यादीत ते कोणाच्या नावावर आहे ते बघितलं की झालं.

आणि समजा, हे सगळं करून एकच लिंक फेल राहिली. मग केबलचा संशय खरा मानून चाचणी घ्यायची. एका वेळी एकच बदल. संशयित केबल आणि चालू असलेली दुसरी केबल आपसात बदला (सर्व्हर बंद असताना, टॉवरच्या वाटेला हात न लावता). दोष केबलबरोबर दुसऱ्या जागी गेला तर केबल खराब. दोष जिथल्या तिथे राहिला तर पोर्ट किंवा कार्ड खराब, आणि नवी केबल घेऊन काहीच होणार नव्हतं. दोन बदल एकदम केले तर या चाचणीला अर्थ उरत नाही. काहीतरी चालू झालं तरी काय केल्याने झालं ते कळत नाही आणि दोष पावसाळ्यात परत येतो.

तांब्याच्या एचएसएल केबलची कमाल लांबी १५ मीटर आहे. वरच्या मजल्यावर रॅक एकमेकांपासून लांब ठेवले म्हणून कोणी मध्ये जोड दिला असेल तर तो काढा. या केबलीला जोड चालत नाही. जास्त अंतरासाठी ऑप्टिकल एचएसएल असते, २५० मीटरपर्यंत, पण ती पोर्टं वेगळी आणि सहसा मोठ्या यंत्रांवर. केबल फॉल्स फ्लोअरखाली फार कोनात मोडली असेल, किंवा तिच्यावर यूपीएसची बॅटरी बँक बसवली असेल, तर तेही बघा.

दोष येऊन-जाऊन असेल, म्हणजे लॉगमध्ये रात्री ओळी पडतात आणि सकाळी सगळं ठीक, तर अर्थिंग मोजा. ५२० एका यूपीएसवर आणि सर्व्हर दुसऱ्या यूपीएसवर, दोघांचं अर्थिंग वेगळं, आणि मध्ये तांब्याची केबल दोघांना बांधून ठेवते. मल्टिमीटरने दोन्ही ठिकाणी न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज घ्या. साइट तयार करणारे सहसा तो दोन व्होल्टच्या आत धरतात. मग दोन्ही रॅकच्या बॉडीमधलाही घ्या, तो शून्याच्या आसपास हवा. नव्या जागेत इलेक्ट्रिशियनने आउटलेट काढून दिले आणि अर्थिंगचं नंतर बघू म्हटलं, हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास चालतो की शिफ्टिंग म्हटलं की मी मीटर बरोबरच नेतो.

सर्व्हर व्हॅरी ऑन झाला, विंडोज उठलं, आणि तरी वापरकर्ते म्हणतात "सर्व्हर जोडलेला नाही", तर ती एचएसएलची तक्रार नाही. आयसिरीज आणि विंडोज यांच्यामध्ये एक पॉइंट-टू-पॉइंट व्हर्च्युअल इथरनेट असतं आणि ते त्याच एचएसएलमधून जातं. आयसिरीजवरून विंडोजच्या त्या खाजगी पत्त्याला पिंग करा. ते चाललं आणि ऑफिसमधून सर्व्हर सापडत नसेल, तर साधी लॅनची वायर, स्विचचं पोर्ट किंवा व्हीएलएएन बघा.

नंतरच्या काळातले सर्व्हर आयएक्सएऐवजी आयएससीएसआयवर (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याची पद्धत) जोडलेले असतात. कोणाकडे तसं असेल तर लूपचं वरचं सगळं विसरा, तिथे साधं गिगाबिट इथरनेट आहे. तिथली हमखास गफलत मागच्या सारख्या दिसणाऱ्या आरजे-४५ पोर्टांची: एक आयएससीएसआय अ‍ॅडॉप्टरचं, एक सर्व्हिस प्रोसेसरचं, बाकीची लॅनची. सर्व्हिस प्रोसेसरची वायर चुकून आयएससीएसआयच्या स्विचमध्ये गेली तर आयसिरीजला सर्व्हर चालू करता येत नाही, डिस्कची वाट ठीक असली तरी. तसंच कॉन्फिगरेशनमध्ये अ‍ॅडॉप्टरचे मॅक पत्ते लिहिलेले असतात. कार्ड बदललं तर तेही बदलावे लागतात.

राहिलं केबल विकत घेण्याचं, खरोखरच घ्यावी लागली तर. जुन्या बाजारात शोधताना दोन नावांनी शोधा. आयसिरीजच्या पुस्तकांत जिला एचएसएल-२ म्हणतात तीच पीसिरीजवाल्यांकडे (आयबीएमचे युनिक्स सर्व्हर) आरआयओ-जी किंवा आरआयओ-२ म्हणून पडलेली असते, आणि बऱ्याचदा स्वस्त असते, कारण २००८ मध्ये दोन्ही घराणी पॉवर सिस्टम्स म्हणून एक झाली तरी विकणाऱ्यांचे गठ्ठे वेगळेच राहिले. दोन्ही टोकांचे फोटो मागवा, पार्ट नंबरचं स्टिकर दिसलं पाहिजे, आणि पैसे देण्याआधी ते तुमच्या केबलवरच्या स्टिकरशी ताडून बघा. देखभालवाले केबलवर अडून बसले तर त्यांना लूपचा तो कागद, शिफ्टिंगनंतरच्या लॉगची प्रिंट आणि अदलाबदलीच्या चाचणीचा निकाल द्या, आणि दोन्ही लिंक एकदम का बंद आहेत याचं उत्तर लेखी मागा.